तीन नंबरची जागा

१

यादीपासून सुरुवात करते. एवढ्या सगळ्यात यादी तेवढी मला अजून नीट समजते.

दोन माणसांचे तंबू, सहा. खाली अंथरायचं प्लास्टिक, सहा. पाण्याचे जार, चार. शिट्ट्या, बारा. प्रथमोपचाराची पेटी. पालकांची संमतिपत्रं, दहा. मुली दहा आणि मोठ्या दोघी, मी आणि सुवर्णा. मुक्काम दोन रात्रींचा, सव्वीस जानेवारीला जोडून.

वरवंडला आमच्या गच्चीवर बसून मी ही यादी केली. ऑगस्टमध्ये मी अमेरिकेतल्या ऑरेगनहून परत आले होते. तिथं दोन वर्षं पर्यावरण शिक्षण शिकले आणि एक उन्हाळा राष्ट्रीय उद्यानातल्या तंबूंच्या तळावर काम केलं. काम साधं होतं. तळावर जागांना नंबर असत, प्रत्येक जागेपुढे एक खांब. रोज सकाळी हातगाडी घेऊन फिरायचं आणि त्या दिवशी येणाऱ्याचं कार्ड खांबाला लावायचं. कार्डावर नाव, येण्याची तारीख, निघण्याची तारीख. मग ती जागा दिवसभर रिकामी राहायची. झाड, बाकडं आणि कार्ड. कुणी आत पाऊल टाकत नसे. माणूस संध्याकाळी सातला पोचला तरी त्याची जागा त्याचीच.

लोकांना यात काय वाटायचं माहीत नाही. मला मात्र पहिल्या आठवड्यात रडू आलं होतं. माझ्या आजोबांना नदीच्या पाणवठ्यावर वरच्या अंगाला उभं राहायला जागा नव्हती. आणि इथं एका कोऱ्या कार्डावर तुमचं नाव लिहिलं, की तुम्ही नसतानाही जमीन तुमच्यासाठी थांबते.

मला आमच्या भागातल्या मुलींना हेच द्यायचं होतं. त्यांचे भाऊ गच्चीवर झोपतात, उसाला पाणी द्यायला गेले की बांधावर झोपतात. त्या कधीच उघड्यावर झोपत नाहीत. दोन रात्री, आपल्या नावाच्या जागेत. एवढंच.

दहा घरं फिरले. सगळ्यांत आधी संमतिपत्रावर सही केली ती आमच्याच आळीतल्या गिताबाईंनी. त्या अंगणवाडीत स्वयंपाक करतात.

"दुसऱ्या कुणी इचारलं असतं तर न्हाई म्हणले असते," त्या म्हणाल्या. "तुज्या भरवशावर धाडते. जशी नेशील तशी आणून सोड."

त्यांची संबोधी नववीत आहे. तिनं संमतिपत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर चौदा प्रश्न लिहून दिले होते. तंबूत पाल आली तर? रात्री लघवीला जायचं तर कुणाला उठवायचं? सातवा प्रश्न वाचून मी हसले होते. झोपेत कूस बदलली तर बाहेरच्याला कळतं का?

२

जागा इनामगावच्या अलीकडे, घोड नदीकाठची. पोपटरावांचं पडीक रान. पोपटराव माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र, सोसायटीचे माजी चेअरमन. मी विचारल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला नाही. "घे की रान. न्हाईतरी कुसळाशिवाय काय पिकतंय तिथं," म्हणाले.

शिबिराच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी मी आणि सुवर्णा आखणी करायला गेलो. सुवर्णा माझी बालमैत्रीण, आता न्हावऱ्याला दिलेली, रांजणगावच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर असते. दिवसाला चार हजार पीस तिच्या हाताखालून जातात.

सकाळी दहाचं ऊन होतं. गुडघाभर वाळलेलं गवत, चार बाभळी, खाली नदी. आम्ही चुन्याच्या फक्कीनं सहा चौकोन मारले, प्रत्येकापुढे एक बांबू ठोकला. मी पिशवीतून कार्डं काढली. पहिल्या पाच बांबूंना दोन दोन. तीन नंबरला संबोधी आणि ऋतुजा.

"माये, अजून तीन आठवडे हायेत," सुवर्णा म्हणाली. "पोरी येणार तेव्हा लाव की. एसटीत रुमाल टाकल्यासारखं काय करतेस आतापासून?"

"तेच तर. रुमाल टाकायचाय. आयुष्यात पहिल्यांदा यांच्या नावाचा."

"भाषण नको. बांबू धर."

शेजारच्या वावरात पोपटरावांनी खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढरांबरोबरची म्हातारी साळूबाई बांधावर येऊन आमचं काम बघत उभी राहिली. तेवढ्यात पोपटरावही मोटारसायकलवरून आले.

"ही कागदं कसली?" साळूबाईनं विचारलं.

"नावं आहेत मावशी. कोण कुठं झोपणार त्याची."

"आल्यात का त्या?"

"नाही, अजून वेळ आहे."

तिनं पोपटरावांकडे पाहिलं. "आमचा तर जनम मुक्कामात गेला. पन जागा आदी नावानं ठिवत न्हाई बाई. आलं, टेकलं, सकाळी उठलं. मोकळी जागा नावानं ठिवली म्हंजी ती वाट बघत बसती."

"मग चांगलंच की," मी म्हणाले.

"वाट बघून बघून कुनालाबी घेती ती."

पोपटराव घसा खाकरून म्हणाले, "मायाताई, नावं काढून टाक. पोरी येतील तवा बसतील. नावं कशाला लिहायची?"

माझी कानशिलं तापली. नावं कशाला. दहा कार्डांवरची दहा आडनावं कुणीही वाचू शकत होतं, आणि इथं आडनाव वाचलं की पुढचं सांगावं लागत नाही.

"आबा," मी म्हणाले, "रान द्यायला हरकत नाही, नावं लावायला आहे. असं आहे का?"

 ते म्हणाले, "तसं न्हाई पोरी. तसं असतं तर तोंडावर बोललो असतो."

"मग कसं आहे?"

"मला ठावं न्हाई. आमचा बाप नको म्हणायचा, म्हणून आमी करत न्हाई."

हे कारण मला पुरलं नाही. मी मार्कर काढला आणि नावं आणखी ठळक केली.

३

पुढच्या बुधवारी मी एकटीच गेले, पाण्याच्या जारांची जागा ठरवायला. दुपारचे बारा वाजले असतील.

एक ते पाच नंबरच्या चौकोनांत गवत दबलेलं होतं.

मला आधी कुत्री वाटली, मग मेंढ्या, मग रानडुकरं. पण गवत चौकोनभर दबलेलं नव्हतं. प्रत्येक चौकोनात दोन लांबट खोलगट पट्टे होते, शेजारी शेजारी, मध्ये हातभर अंतर. डोक्याकडे अरुंद, खांद्यांशी रुंद. सगळे नदीकडे पाय करून. फक्कीच्या रेघेबाहेर एकही काडी वाकलेली नव्हती. सहाव्या चौकोनात, जिथं मी आणि सुवर्णा झोपणार होतो, गवत सरळ उभं होतं. त्या बांबूला मी आमची कार्डं लावली नव्हती. आपली काय जागा धरायची, म्हणून.

तीन नंबरच्या एका पट्ट्यावर मी तळवा ठेवला. उन्हात गवत गरम असणारच. गरमच होतं. पण शेजारचं उभं गवत त्याच उन्हात तेवढं गरम नव्हतं. मी तीनदा हात लावून पाहिला. शेवटी मला माझाच हात कुठे गरम आणि कुठे गार तेच कळेना.

कुणीतरी चेष्टा केली असेल. गावातली पोरं येऊन लोळली असतील. दहा जण, रेघेत, नदीकडे पाय करून. वहीत मी "गवत दबले, कारण तपासणे" असं लिहिलं आणि घरी आले.

त्याच संध्याकाळी ऋतुजाच्या वडिलांचा फोन आला. "म्याडम, आमचं जमणार न्हाई. पावणे काय म्हणतील. राग मानू नका."

मी अर्धा तास बोलले. ते "व्हय व्हय" म्हणत राहिले आणि शेवटी "न्हाई" म्हणाले. फोन ठेवल्यावर ऋतुजानं स्वतः मेसेज केला. ताई, माझी जागा कुणाला देऊ नका.

नाही देणार, मी लिहिलं. तुझी जागा राखून ठेवते.

४

शिबिराआधीच्या रविवारी मुलींना एक दिवस जागा दाखवायला न्यायचं ठरलं होतं. सकाळी क्रूझर केली. चौफुला, केडगाव, न्हावरा, वाटेत एकेक मुलगी घेत. न्हावऱ्याला सुवर्णा राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट घेऊन चढली. संबोधी सगळ्या वाटेत बोलत होती. ऊस तोडणाऱ्यांच्या खोप्यांना तंबू म्हणायचं का? तिकडच्या तळावर अस्वल आलं तर कार्ड वाचतं का? ड्रायव्हरसुद्धा हसला.

रानात पोचलो. मेंढ्या गेल्या होत्या, साळूबाईही. दोन आठवड्यांच्या दवानं कार्डांवरची शाई फुटली होती. नावांच्या जागी निळे डाग. एकच कार्ड कोरडं होतं, कालच लिहिल्यासारखं. ऋतुजाचं.

"थांबा गं," मी म्हणाले, "कोण कुठं ते सांगते."

पण मुली आधीच चालू लागल्या होत्या. गप्पा मारत, चपला हातात घेऊन, जी ती आपापल्या चौकोनात गेली. एकही चुकली नाही. मी वहीतल्या यादीशी ताडून पाहिलं. मी त्यांना कधी नंबर सांगितले होते का? सांगितले असतील. शिबिराच्या ग्रुपवर फोटो टाकला असेल.

तिकडच्या तळावरचा एक खेळ मला करायचा होता. जमिनीवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे, पाच मिनिटं फक्त ऐकायचं. मुली आडव्या झाल्या. गवत उंच असल्यामुळे मला एखादा गुडघा, एखादी ओढणी, एखादी वेणी एवढंच दिसत होतं. सुरुवातीला खिदळणं होतं, मग ते थांबलं. नदीवर मोटर चालू होती, तिचाही आवाज लांब गेला.

मी घड्याळ पाहत चालत मोजत होते. एकमध्ये दोन. दोनमध्ये दोन. तीनमध्ये संबोधी डाव्या कुशीवर, आणि तिच्या पलीकडे कुणाचा तरी हात छातीवर ठेवलेला, बोटं सरळ, चेहरा गवतात. चारमध्ये दोन. पाचमध्ये दोन. दहा. सगळ्या आहेत. मला बरं वाटलं. इतके दिवस मी दहा हाच आकडा लिहीत होते.

सुवर्णा पाकीट घेऊन हलक्या पावलांनी फिरली आणि प्रत्येकीच्या तळव्यावर एकेक लाडू ठेवून आली. डोळे न उघडता खायचा, असं मीच ठरवलं होतं. ती परतली तेव्हा दंडावर काटा होता.

"काय गं?"

"काही न्हाई. एकीचा हात फार गार हाय. उन्हात पडून."

मी शिट्टी वाजवली. मुली उठल्या, कुसळं झटकत, डोळे चोळत. फार वेळ झोपल्यासारख्या.

५

क्रूझरमध्ये चढताना मी दाराशी उभी राहून मोजल्या. नऊ.

पुन्हा मोजल्या. नऊ.  मी रानाकडे धावत निघाले आणि बाभळीपाशी पोचल्यावर आठवलं, की आपण आणल्याच नऊ होत्या. ऋतुजा आली नव्हती.

मी उभी राहून हसले, हे मला नक्की आठवतं. इतका हलकेपणा वाटला होता, की चौकोनांकडे वळून न पाहताच मी परत आले.

गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर सुवर्णाला म्हणाले, "लाडू उरला असेल ना एक? दे. भूक लागली."

"कुठला उरतोय. बारा होते. दहा पोरींचे, आपले दोन."

"नऊ पोरी, सुवर्णा."

"दहा वाटले मी."

"ऋतुजा आलीच नाही."

तिनं मागे वळून पोरी मोजल्या. ओठ हलवत, टेबलावर पीस मोजतात तशा.  मग म्हणाली, "मोजण्यात माझी चूक होत न्हाई, माये."

मी ऋतुजाच्या घरी फोन लावला. तिनंच उचलला. ती दिवसभर घरी होती, कपडे धूत होती. ताई, माझी जागा आहे ना? हो म्हणाले.

मागे मुली एकमेकींच्या पाठीवरची कुसळं काढत होत्या. कुसळ कापडात घुसतं ते सहज निघत नाही, धुतल्यावरही टोचतं. सगळ्यांच्या ओढण्या, केस, मोजे भरलेले. खिडकीशी संबोधी बसली होती. तिच्या पाठीवर एकही कुसळ नव्हतं. केसांतही नाही. इस्त्री केल्यासारखा ड्रेस.

वरवंड येईपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

गिताबाई दारात उभ्या होत्या. "आली का माजी वकीलीन," म्हणाल्या. ती त्यांच्या बाजूनं आत गेली. मी जशी नेली तशी आणून सोडली होती. निदान मोजून तर बरोबर होती.

६

तिसऱ्या दिवशी गिताबाई आमच्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या.

"माया, तिथं काय झालं का गं? कुनी काय बोललं का माज्या पोरीला?"

"नाही मावशी. का?"

"बोलतच न्हाई. इचारलं तर व्हय न्हाई एवढंच. पोरगी उठल्यापास्नं डोकं खायची माजं, आता घर कसं..." त्या थांबल्या. "दवाखान्यात नेलं व्हतं. ताप न्हाई, काय न्हाई. रक्तबी चांगलं हाय म्हणले."

मी त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते, दारातून आत ऊन आलेलं. संबोधी चटईवर उताणी पडली होती. हात छातीवर, बोटं सरळ. चटईच्या अगदी कडेला, जवळजवळ फरशीवर. उरलेली चटई मोकळी.

"अशीच सरकून झोपती," गिताबाई कुजबुजल्या. "शेजारी जागा ठिवती. मी म्हणलं मी झोपते तुज्याजवळ, तर हात आडवा घातला. कुनासाठी गं ठिवलीस म्हणलं, तर म्हणती, येईल ती."

मी खाली बसले. "संबोधी, मी तुझे प्रश्न आणलेत. चौदाही. उत्तरं देऊ?"

तिनं मान वळवली. डोळे तिचेच होते, भुवईवरचा तीळ तिचाच. तिनं माझ्याकडे अशा शांतपणे पाहिलं, जसं एसटीत जागा मिळालेला माणूस उभ्या माणसाकडे पाहतो.

"कसले प्रश्न?" ती म्हणाली.

एवढ्यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. वयात येणारी मुलगी चार दिवस गप्प राहते. मी मानसशास्त्राचे दोन पेपर दिलेत, मला हे माहीत आहे. बाहेर येऊन मी गिताबाईंना तेच सांगितलं. त्या मान डोलावत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू म्हणतीस तर तसं आसंल. पन माया, ती माज्या वासानं उठायची. काल मी उशाशी तासभर बसले, तिला कळलंबी न्हाई."

७

रात्रभर झोप नाही. सकाळी ग्रुपवर शिबिर रद्द झाल्याचा मेसेज टाकला आणि स्कूटीवर निघाले. कार्डं काढून टाकायची, चौकोन पुसायचे, एवढं ठरवलं होतं.

पोपटराव रानात माझ्या आधी पोचले होते, वडिलांकडून संबोधीचं कळलं असणार. बांधावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. मला पाहून उठले नाहीत.

"आबा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते..."

"ऱ्हाऊ दे ते. आदी आत जाऊन बघ. मी रेघेच्या आत गेलेलो न्हाई."

चार चौकोनांतलं गवत उभं राहिलं होतं. मुली उठून गेल्यावर राहतं तसं, जरा वाकडंतिकडं, पण उभं. त्यांची डाग पडलेली कार्डं वाऱ्यानं गळून पडली होती. मी ती गोळा केली.

तीन नंबरला ऋतुजाच्या नावाच्या अर्ध्या भागात गवत असं उभं होतं, जसं तिथं कधी कुणी टेकलंच नव्हतं. तिचं कार्ड बांबूवर नव्हतं. मी सगळं रान शोधलं, सापडलं नाही.

शेजारचा अर्धा भाग दबलेला होता. चौदा वर्षांच्या मुलीएवढा. डाव्या कुशीवर झोपल्यासारखा, गुडघे पोटाशी. बांबूला निळ्या डागाचं कार्ड अजून लटकत होतं, एका टाचणीवर. मी ते काढायला हात घातला.

"थांब," बांधावरून पोपटराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता ते काढलंस तर तिची म्हणून जागा कुठली ऱ्हाईल?"

माझा हात तिथंच राहिला.

मी बसले. मातीवर, रेघेच्या बाहेर. काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून पिशवीतून संमतिपत्र काढलं आणि पाठकोऱ्या बाजूवरच्या प्रश्नांना मोठ्यानं उत्तरं देऊ लागले. पाल आली तर हाकलू. लघवीला मला उठव, कितीही वाजता. नेटवर्क येत नाही. रानडुक्कर माणसाला भितं. माझाच आवाज मला वेड्यासारखा वाटत होता. बांधावर पोपटराव खाली मान घालून ऐकत होते.

सातवा प्रश्न मी नुसता वाचला. झोपेत कूस बदलली तर बाहेरच्याला कळतं का?

वारा नव्हता. बाभळीचं पानही हलत नव्हतं. दबलेलं गवत सावकाश, काडी काडी करत, डावीकडून उजवीकडे वळलं. माझ्या बाजूला.

पोपटरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्यांना विचारलं नाही, त्यांनी काय पाहिलं.

मी नवीन कार्ड लिहिलं, बॉलपेननं, दवात फुटू नये म्हणून. आता मी रोज जाते. गिताबाईंना सांगते, प्रकल्पाचं काम आहे. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी खोटं बोलत्येय, पण खरं काय ते मला स्वतःला सांगता येत नाही. पोपटरावांनी त्या बाजूला कुणी जनावर सोडू नये म्हणून काटे लावलेत. चौदाच्या पुढचे प्रश्न मी स्वतः करते आणि थांबते.

कार्डावर नाव संबोधी. येण्याची तारीख त्या रविवारची. निघण्याची तारीख मी रोज खोडते आणि खाली पुन्हा लिहिते: आज.